आईचं नाव 'चुकीचं' ठरवणारा फॉर्म

शिकता शिकता केलेला साइन-अप फॉर्म लॅपटॉपवर झकास दिसत होता. खानापूरला घरी आईच्या फोनवर उघडला, तर अक्षरं मुंगीएवढी. पान पडद्याच्याच रुंदीचं धर असं फोनला सांगणारा व्ह्यूपोर्टचा मेटा टॅगच राहिला होता, म्हणून फोन पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरून आक्रसून दाखवत होता. एका ओळीचं काम. मग रकाने उजवीकडून बाहेर. रुंदी १०० टक्के, शिवाय दोन्हीकडून १२ पिक्सेल पॅडिंग, म्हणजे कडेपासून आत सोडलेली जागा. २४ जास्त होणारच की, वर बॉर्डर वेगळी! बॉक्स-सायझिंगला बॉर्डर-बॉक्स दिलं, की पॅडिंग आणि बॉर्डर रुंदीतच मोजली जाते.

खरा घोळ पुढंच. आईनं नाव मराठीत लिहिलं, तर फॉर्म म्हणतो 'नाव चुकीचं'.

"माझं नाव चुकीचं व्हय रे?" आई भडकलीच.

नावात कोणती अक्षरं चालतील ते ठरवणाऱ्या पॅटर्नमध्ये मी फक्त ए ते झेड ठेवलेलं. आमच्या भागात नावं मराठीत येणार, कन्नडमध्येही येणार, हे मलाच सुचू नये? युनिकोड, म्हणजे जगभरच्या लिप्यांमधल्या चिन्हांची यादी, तिच्यातला 'लेटर' वर्ग लावला. तरी अडलंच, कारण काना, वेलांटी, उकार, हलन्त हे सगळे 'मार्क' वर्गात मोडतात. दोन्ही वर्ग घातले, दोन शब्दांमधली मोकळी जागाही चालवून घेतली, तेव्हा कुठं आईचं नाव आत गेलं. शेजारच्या काकूंनी कन्नडमध्ये लिहिलेलं तर पहिल्याच दमात.