थंडीत खोली नव्हे, पाय तापवा
नाशिक-निफाडकडे जानेवारीत फरशीवर पाय टेकवत नाही. २००० वॅटचा हीटर सलग ३ तास चालला तर ६ युनिट वीज जाते, आणि ऊब दाराखिडक्यांच्या फटींतून निघून जाते. त्यापेक्षा बसताना पायाखाली सतरंजी, पायांत लोकरी मोजे, मांडीवर गोधडी आणि गोधडीच्या आत गरम पाण्याची रबरी पिशवी घ्या. खरंच, खूप बरं वाटतं. पाणी उकळतं नको. पिशवी दोन तृतीयांशच भरा, वरची हवा दाबून काढा, मग बूच घट्ट लावून ती पंच्यात गुंडाळा. घरात मधुमेही किंवा वयस्कर माणूस असेल तर पिशवीने अंथरूण आधी ऊबदार करा आणि झोपताना पिशवी काढून घ्या. पाय बधिर असतील तर चटका बसलेला कळतही नाही.