खळ्यातला बार्बेक्यू आणि रेग्युलेटरपाशी येणारा वास
मे महिन्यात घर पाहुण्यांनी भरलं, खळ्यात बार्बेक्यू मांडला आणि रेग्युलेटरपाशी गॅसचा वास. साबणाचं पाणी लावलं. रेग्युलेटर चालू केल्यावरच बुडबुडे, म्हणजे सिलिंडरच्या व्हॉल्व्हमधली रबरी रिंग गेलेली. वितरकाच्या माणसाकडून ती बदलून घेतली, वास थांबला. रेग्युलेटर काढूनही बुडबुडे आले तर व्हॉल्व्हची पिन अडकलीय: दोरीला लटकणारी सेफ्टी कॅप घट्ट बसवा, सिलिंडर उघड्यावर न्या, गॅसगळतीच्या हेल्पलाइनला, १९०६ ला फोन करा. काडी पेटवून तपासणारे महाभाग अजून आहेत!

खाऱ्या हवेत पाइपच्या क्लिपा लवकर गंजतात, पावसाळ्यानंतर बघाच. नारंगी सुरक्षा पाइप ५ वर्षांनी बदला, चिरला तर लगेच. सिलिंडर उभाच ठेवा, विहिरीपासून लांब. हा गॅस हवेपेक्षा जड, खोलगट जागी साचतो.