कामगार भरपाई पॉलिसीचं प्रीमियम ऑडिट: मस्टर, चलन आणि ठेकेदाराचं बिल यांचा मेळ

कामगार भरपाईच्या पॉलिसीला बाजारात अजूनही डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन) म्हणतात. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पण पॉलिसीचा हिशेब पूर्वीसारखाच चालतो. सुरुवातीला भरलेला प्रीमियम अंदाजाचा असतो. वर्षभरात किती पगार वाटला जाईल तो आकडा आपण सांगतो, त्यावर दर हजारी रक्कम ठरते आणि मुदत संपल्यावर खऱ्या पगाराशी मेळ घालून फरक भरला किंवा परत घेतला जातो. हा मेळ म्हणजेच प्रीमियम ऑडिट. समजा ६० लाख पगार कळवला आणि दर हजारी ९ रुपये आहे, तर प्रीमियम ५४,००० झाला. प्रत्यक्षात ७१ लाख ५० हजार वाटले असतील, तर ११ लाख ५० हजारांवर आणखी १०,३५० रुपये आणि १८ टक्के जीएसटीचे १,८६३ निघतात. ही रक्कम वर्कशॉपला जड नाही. पण कमी पगार कळवलेल्या वर्षात कुणाची बोटं प्रेसमध्ये गेली, तर दावा नेमका त्याच कागदावर अडकतो आणि त्याच्या घरच्यांना थांबावं लागतं. म्हणून ही तयारी मनापासून करावी.

पॉलिसीची नेहमीची अट अशी, की प्रत्येक कामगाराचं नाव व कमाई पगारवहीत हवी, ती वही विमा कंपनीला केव्हाही पाहता यावी आणि मुदत संपल्यापासून एका महिन्यात पगाराचा हिशेब पोचावा. हा एक महिना फार लवकर सरतो, तेव्हा मुदत संपायच्या दोन महिने आधी कामाला लागा.

पहिल्यांदा पॉलिसीचं शेड्यूल, म्हणजे तपशिलाचं पान, काढून कामाच्या जागा, कामाचं वर्णन आणि कामगारांचे वर्ग हे तीन रकाने वाचा. रबाळेचा गाळा लिहिलेला असतो, भिवंडीचं गोदाम राहून जातं. वर्णनात ‘फॅब्रिकेशन’ असतं आणि माणसं मात्र तळोज्याच्या साइटवर उंचावर उभारणी करत असतात. अशी तफावत असेल तर ऑडिटच्या दिवसाची वाट न पाहता आजच लेखी कळवून एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाची लेखी नोंद, घ्या.

मग तारखा. पॉलिसी १२ ऑगस्टला सुरू झाली असेल, तर ताळेबंदातला एप्रिल ते मार्चचा आकडा जसाच्या तसा चालत नाही. पहिल्या ऑगस्टचे २० दिवस आणि शेवटच्या ऑगस्टचे ११ दिवस हजेरीवरून वेगळे काढावे लागतात. एक्सेलमध्ये प्रत्येक कामगाराची एक ओळ आणि महिन्यांचे रकाने करा, दोन्ही ऑगस्ट वेगळे धरून. मूळ पगार, महागाई भत्ता, ओव्हरटाइम, इतर भत्ते, बोनस, प्रवास भत्ता आणि मालकाचा पीएफचा हिस्सा हे सगळं वेगवेगळं दाखवा. प्रवास भत्ता आणि पीएफचा हिस्सा १९२३ च्या कायद्याच्या व्याख्येनुसार पगारात धरत नसत. बोनसचं काय करायचं ते आपल्या पॉलिसीतली व्याख्या बघून ठरवा. ओव्हरटाइम मात्र कमाईच आहे, तो गाळू नका. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे प्रत्येकाचा महिन्याचा पगार १५,००० धरून विमा कंपनीला द्यायचं पगाराचं घोषणापत्र भरणं. ३ जानेवारी २०२० पासूनची १५,००० ची मर्यादा भरपाई मोजण्यासाठी होती, प्रीमियमसाठी नाही.

ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) कामगारांना भरपाई तिकडून मिळते, म्हणून बरेच जण त्यांना पॉलिसीबाहेर ठेवतात. ते ठीक आहे, पण यादी महिन्यानुसार करा. महिना २१,००० पगाराची मर्यादा ओलांडली म्हणून माणूस त्याच दिवशी ईएसआयमधून बाहेर पडत नाही. जुलैत पगारवाढ झाली तर ३० सप्टेंबरपर्यंत तो आतच राहतो आणि १ ऑक्टोबरपासून पॉलिसीत यायला हवा. हे वर्गणीचे सहा-सहा महिन्यांचे टप्पे विसरले की माणूस दोन्हीकडून उघडा पडतो. मर्यादा तपासताना ओव्हरटाइम धरायचा नाही, जुन्या ईएसआय कायद्यात वर्गणी मात्र त्यावरही कापली जायची. ओव्हरटाइम मर्यादेत धरत नसल्यामुळे १९,५०० पगार आणि ४,००० ओव्हरटाइम असलेला फिटर ईएसआयमध्येच राहतो. ॲप्रेंटिसेस कायद्याखालचे शिकाऊ उमेदवार ईएसआयमध्ये येत नाहीत आणि त्यांच्या दुखापतीची भरपाई मालकाने द्यायची असते. त्यांचं विद्यावेतन घोषणापत्रात धरा, एरवी ते हमखास सुटतं.

खरा वेळ ठेकेदारांवर घालवा. त्याच्या माणसाला आपल्या कामावर इजा झाली तर मूळ मालकही, म्हणजे काम देणारे आपणही, जबाबदार ठरतो, म्हणून ऑडिटर टॅलीतली (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली) लेबर चार्जेस, जॉब वर्क, दुरुस्ती-देखभाल, हमाली ही खाती उघडतोच. प्रत्येक ठेकेदाराची एक फाइल करा. त्यात त्याच्या पॉलिसीची प्रत, कामाचा आदेश, बिलं आणि टीडीएसचा तिमाही तक्ता ठेवा. पॉलिसीची नुसती प्रत पुरत नाही. तिची मुदत आपल्याकडच्या कामाच्या तारखांना पूर्ण झाकते का, आपली जागा तिच्यात आहे का आणि ती सहा माणसांची असताना गेटवर पंधरा तर येत नव्हती ना, हे पाहा. पॉलिसी नसेल तर त्याची मजुरी आपल्या हिशेबात धरली जाऊ शकते. इथे बिलाची फोड कामी येते. ८ लाखांच्या रंगकामात ५ लाख २० हजारांचा माल असेल, तर मजुरी २ लाख ८० हजार. बिलावर ही फोड नसेल तर पूर्ण रकमेवरच बोलणी सुरू होतात आणि वर्ष संपल्यावर ठेकेदार नवं बिल देत नाही. म्हणून कामाच्या आदेशातच ‘मजुरी व माल वेगळे दाखवावेत’ अशी ओळ घाला.

माथाडी (हमाल कामगारांच्या) मंडळाकडे भरलेली मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, तसंच बृहन्मुंबई व ठाणे जिल्हा सुरक्षा रक्षक मंडळाची बिलं वेगळ्या खात्यात ठेवा. ती हमालीच्या किंवा पगाराच्या एकूण रकमेत मिसळली तर नंतर सोडवता येत नाहीत. भागीदारांचा मोबदलाही पगारातून वेगळा काढा.

वर्गवारी नावावरून करू नका, कामावरून करा. ‘सुपरवायझर’ दिवसातले चार तास ग्राइंडर चालवत असेल तर तो ऑफिसच्या दरात बसत नाही. उलट, हिशेबनीस आणि सेल्सची माणसं वेल्डरच्या दरात पडून राहिलेली असतात. चौघांचा वार्षिक पगार १२ लाख आणि दरातला फरक हजारी ७ रुपये, म्हणजे ८,४०० रुपये विनाकारण जातात. प्रत्येकाच्या नावापुढे तो रोज काय करतो ते एका ओळीत लिहा.

शेवटी मेळ घाला. पगारवहीची बेरीज, पीएफचा ईसीआर (दरमहा भरायचं विवरण), ईएसआयची चलनं, बँकेतून गेलेला पगार आणि नफा-तोटा पत्रकातलं पगाराचं खातं हे पाच आकडे सारखे नसतात, आणि नसावेतही. पण फरकाचं कारण एका पानावर हवं: व्हाउचरवर रोखीने दिलेली मजुरी, मार्चचा पगार एप्रिलमध्ये गेला, सोडून गेलेल्यांचा हिशेब. रोखीच्या व्हाउचरवर नाव, दिवस आणि काम नसेल तर ते आता आठवून भरू नका. जसं आहे तसं दाखवा आणि मजुरी म्हणून मोजा.

ऑडिटच्या दिवशी बोलायला एकच माणूस ठेवा. त्याला पगार आणि शॉपफ्लोअर दोन्ही माहीत असावं. गेटचं रजिस्टर त्या दिवसाच्या मस्टरशी (हजेरीपटाशी) सकाळीच जुळवा, कारण शेडमध्ये फेरी मारताना डोकी मोजली जातात. मागितलेला कागद द्या, अंदाजाने उत्तर देऊ नका. ‘उद्या पाहून लेखी कळवतो’ म्हणणं चालतं. नंतर हिशेबाचं कच्चं पत्रक मागून घ्या आणि वर्गनिहाय पगार व दर तपासल्यावरच सही करा. परतावा निघत असेल तर किमान प्रीमियमची अट पाहा, तेवढी रक्कम कंपनी ठेवून घेते. वाढीव पैसे भरल्यावर एन्डॉर्समेंटची प्रत घेऊन फाइलला लावा आणि नूतनीकरणाचा अंदाज याच ताज्या आकड्यावर, पुढची पगारवाढ धरून द्या.