घरट्याजवळ झडप घालणारे पक्षी: गच्चीवर, रस्त्यावर आणि माळावर घ्यावयाची काळजी

सोलापुरात एप्रिल लागला की गच्च्यांवर कुरडया, पापड आणि सांडगी मिरच्या वाळत पडतात, आणि नेमक्या त्याच सुमारास शेजारच्या कडुनिंबावर कावळ्यांची वीण सुरू होते. नळाला पाणी आले म्हणून टाकी पाहायला वर गेलेल्या माणसाच्या डोक्यावर मागून टपली बसते ती यामुळेच. कावळा डोक्याला शिवला की अपशकुन मानून अंघोळ करणारे लोक आपल्याकडे अजूनही आहेत. परंतु पिल्लांच्या आसपास एक मोठा प्राणी वावरतो आहे, यापलीकडे त्या कावळ्याला आपल्याविषयी काही सांगावयाचे नसते.

सर्वप्रथम घरटे नेमके कोठे आहे ते लांबून पाहून ठेवावे. कावळे कोणत्या जागेपासून ओरडू लागतात आणि कोठे पोहोचल्यावर पाठ सोडतात, हे दोन दिवस न्याहाळले की त्यांची हद्द कळते. कावळ्याची अंडी उबण्यास 16 ते 17 दिवस लागतात आणि पिल्ले उडती होण्यास आणखी साधारण 3 ते 4 आठवडे. पिल्ले मोठी होत जातात तसे हल्लेही वाढतात, त्यामुळे खरा त्रास शेवटच्या दोन-तीन आठवड्यांचाच असतो आणि तेवढ्यापुरती वाट किंवा वाळवणाचा कोपरा बदलला तरी पुष्कळ काम भागते.

कावळा बहुतेक वेळा पाठीमागून येतो आणि आपण वळून पाहिले की झडप अर्धवट सोडून देतो. म्हणून घरट्याकडे तोंड ठेवून, शक्य असल्यास जिन्याच्या भिंतीला पाठ लावून सावकाश सरकावे, धावू नये. उघडी छत्री हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे, आणि ती नसेल तर टोपीवर आपला सोलापुरी टॉवेल चौपदरी घालून घ्यावा. टाकी पाहण्याचे काम दिवेलागणीनंतर केलेले बरे, कारण अंधार पडल्यावर कावळे बसल्या जागेवरून सहसा हलत नाहीत. दुचाकीवर असताना हात हवेत फिरवण्याच्या नादात तोल जाण्याचा धोका चोचीपेक्षा मोठा असतो. हेल्मेट घालून, वेग न बदलता पुढे जावे.

काठी किंवा दगड मात्र उचलू नये. एका उन्हाळ्यात मी कुरडयांच्या रक्षणासाठी केरसुणी गरागरा फिरवली, आणि पुढे कितीतरी दिवस ती जोडी घरातल्या इतरांना सोडून फाटकापासून फक्त माझ्यामागे ओरडत येत असे. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी मुखवटे घालून तेथील कावळे पकडले व सोडले, तेव्हा त्या मुखवट्याचा चेहरा कावळ्यांनी अनेक वर्षे लक्षात ठेवल्याचे दिसून आले होते. आपला गावकावळा त्यांच्याहून वेगळ्या जातीचा असला, तरी केरसुणी त्याच्याही लक्षात राहते असे माझे मत आहे.

घारीची गोष्ट अधिक गंभीर आहे. तिची वीण कावळ्याच्या आधी, हिवाळ्याच्या अखेरीपासून सुरू होते आणि तिच्या नख्यांनी टाळूवर खोल ओरखडे पडतात. घारीचे घरटे असलेल्या उंच झाडाखालून किंवा टॉवरखालून उघड्या डोक्याने जाऊ नये आणि आसपास मटणाचे तुकडे टाकू नयेत.

नान्नजच्या बाजूच्या माळावर फिरणाऱ्यांना गाठते ती टिटवी. ती अंगावर येते, पण अगदी जवळ येऊन वळते. तिने आरडाओरडा सुरू केला की वर पाहण्याऐवजी पायांखाली पाहावे, कारण तिची बहुधा चार, खड्यांत मिसळून जाणारी अंडी उघड्या जमिनीवरच असतात. आल्या पावली लगेच मागे फिरावे. कडक उन्हात टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंडी थंड ठेवते. छायाचित्रासाठी आपण तेथे रेंगाळलो तर तेवढ्यात अंडी भाजून निघू शकतात.

जखम झाल्यास ती साबणाच्या पाण्याने चांगली धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनाविषयी डॉक्टरांना विचारावे. पक्ष्यांकडून रेबीज होत नाही. डोळ्याला इजा झाली असेल तर मात्र त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

पिसे फुटलेले पिल्लू जमिनीवर दिसले तर ते बहुधा उडायला शिकत असते. कुत्र्या-मांजरांना दूर ठेवून त्याला तेथेच राहू द्यावे, कारण पिल्लाला हात लावताच सर्वांत जोराची झडप बसते. घरटे पाडण्याचा विचार तर करूच नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तीत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणेही येते. जखमी पक्षी आढळल्यास वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवता येते.

आणि कावळ्याची पिल्ले उडून गेली असे वाटले, तरी पावसाळा सुरू होईपर्यंत ते घरटे काढू नये. कोकिळा आपले अंडे कावळ्याच्या घरट्यात घालते, आणि आत उरलेले एखादे पिल्लू तिचेही असू शकते, ज्याला तेच कावळे तितक्याच नेटाने राखत असतात.