नॅरोबोट इलेक्ट्रिक करताय? खिसा हलका असेल तर या चुका टाळा

इंग्लंडच्या कालव्यांवर जुनी डिझेल नॅरोबोट (कालव्यांसाठीची अरुंद, लांबलचक बोट) घ्यायची आणि इंजिन काढून मोटर बसवायची हे खूळ इथे बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं, लंडनची भाडी बघून बोटीवर राहायला गेलेल्या माणसाला तर पहिल्याच महिन्यात पायाखालची ती धडधड नकोशी होते. काम अशक्य अजिबात नाहीये. सेकंडहँड सामान, एक वेल्डिंग करणारा मित्र आणि दोन-तीन महिन्यांचे वीकेंड एवढ्यावर होतं. पण पैसे बुडतात ते लोकांना वाटतं तिथे बुडत नाहीत. सगळे मोटरचे व्हिडिओ बघत बसतात. मोटर हा यातला सगळ्यात सोपा भाग, खरा खड्डा आहे तो वीज येणार कुठून आणि बॅटरीपासून पाण्यातल्या पंख्यापर्यंत (प्रॉपेलर) पोचणार कशी हा.

हॉर्सपॉवरला हॉर्सपॉवर जुळवू नका

जुन्या इंजिनावर ३८ हॉर्सपॉवर लिहिलेलं असतं, मग माणूस २८ किलोवॅटची मोटर शोधायला लागतो आणि किंमत बघून गार पडतो. अहो, ते ३८ तुम्ही कालव्यात कधी वापरलेच नव्हते. बहुतेक कालव्यांवर वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे, बांधलेल्या बोटींजवळून तर त्याहून हळू जायचं, आणि ५७ फुटी, पंधरा-सतरा टनांची बोट ताशी ३ मैलांनी न्यायला साधारण अडीच ते तीन किलोवॅट पुरतात. वेग थोडा वाढवला की पॉवर मात्र घनाच्या हिशोबाने वाढते, म्हणजे ३ वरून ४ मैलांवर गेलात की दुपटीहून जास्त लागते, आणि उथळ कालव्यात त्याहूनही जास्त कारण बोटीखालून पाणी मागे जायला जागाच नसते, शेपूट खाली बसतं आणि काठ धुपतो तो वेगळाच.

मग उलटी चूक होते, तीनच किलोवॅट लागतात ना, मग चारची मोटर घेऊ. सतरा टन लोखंड थांबवायचं असतं हो! समोरून वळणावर कोणी आलं की जोरात रिव्हर्स मारावा लागतो तेव्हा हे चार किलोवॅट कुठेच पुरत नाहीत, आणि ट्रेंट किंवा सेव्हर्नसारख्या नदीवर पाणी चढलेलं असताना किंवा ब्रेंटफर्डला भरतीच्या थेम्समध्ये उतरायचं असेल तर जास्तीची ताकद काही सेकंद नाही, बराच वेळ लागते. ४८ व्होल्ट, १० किलोवॅट हा आकडा बहुतेक नॅरोबोटींना बरोबर बसतो. फक्त घेताना तो १० 'पीक' (थोड्या वेळापुरता) आहे की सलग चालणारा आहे हे विचारा, जाहिरातीत नेहमी मोठा आकडाच छापलेला असतो.

आधी युनिट मोजा, मग खरेदी

लाईट बिलावर असतं तेच युनिट. ३ किलोवॅटने ६ तास चाललात तर १८ युनिट. आता लोक अभिमानाने सांगतात की २८० अँपिअर-अवरचे १६ लिथियम आयर्न फॉस्फेट सेल घेतले, बरं, ते १६ गुणिले ३.२ व्होल्ट गुणिले २८०, म्हणजे १४.३ युनिट, त्यातले ८० टक्के वापरायचे म्हटलं तर साडेअकरा, म्हणजे चार तासांच्या आत खेळ खलास, आणि फ्रिज, पंप, लॅपटॉप अजून धरलेलेच नाहीत. दिवसभर फिरायचं असेल तर दोन संच लागतात. बजेट कमी असेल तर एक संच घ्या आणि रोज तीन तासच चाला, त्यात काही कमीपणा नाही. शिवाय लॉक (पाणी भरून किंवा सोडून बोट वरखाली नेणारं दारांचं कुंड) जास्त असलेला दिवस स्वस्तात पडतो, टार्डबिगच्या चढावर ३० लॉक आहेत, तिथे डिझेलवाल्याचं इंजिन दिवसभर धडधडत राहतं आणि तुमची मोटर लॉक भरेपर्यंत गप्प असते.

सोलरचं गणित तर सगळ्यात जास्त लोक चुकवतात कारण बोट घेतात मे-जूनमध्ये. छपरावर फार तर दीड-दोन किलोवॅटची पॅनल बसतात. जूनमध्ये किलोवॅटमागे दिवसाला चार-पाच युनिट मिळतात, मज्जा असते. डिसेंबरात त्याच पॅनलला किलोवॅटमागे धड एक युनिटही मिळत नाही, म्हणजे दोन किलोवॅटची पॅनल असून दिवसभरात अर्धा तास बोट चालेल इतकीच वीज, तीही फ्रिजने खाल्ली नाही तर. झाडाखाली बांधली असेल तर विसराच.

मरीनामध्ये (बोटी बांधायचा भाड्याचा तळ) जागा असेल तर प्रश्न सोपा, १६ अँपिअरच्या पॉइंटवरून साडेतीन किलोवॅटच्या आसपास मिळतात, रात्रभरात बॅटरी भरते. पण स्वस्तात राहणारे बहुतेक लोक कायमची जागा न घेता फिरत असतात, एका ठिकाणी १४ दिवसांपेक्षा जास्त नाही या नियमावर, आणि काठावर चार्जिंगचे खांब मोजकेच. कालव्यावर वीज काही आजची नाही, स्टोकजवळच्या हेअरकासल बोगद्यातून १९१४ ते १९५४ इलेक्ट्रिक टग बोटी ओढत होता, पण त्याला डोक्यावर वीजेची तार होती! तुमच्या डोक्यावर काही नाही. म्हणून जनरेटर पहिल्या दिवसापासून बजेटमध्ये धरा. नंतर बघू म्हणणारे नोव्हेंबरात मिळेल तो पेट्रोलचा छोटा जनरेटर उचलून आणतात आणि पुढच्या डेकवर दार उघडं टाकून चालवतात. हे करूच नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि उघड्या दारातून तो केबिनमध्ये येऊन साठतो. बोट सेफ्टी स्कीमने (बोटींचे सुरक्षा-नियम ठरवणारी योजना) राहत्या बोटींना त्याचा अलार्म एप्रिल २०१९ पासून सक्तीचा केलाय तो उगाच नाही. पेट्रोल आत ठेवणं हाही तितकाच वाईट प्रकार. परवडत असेल तर सेकंडहँड डिझेल जनरेटर इंजिनच्याच जागी नीट बसवा, एक्झॉस्ट बाहेर काढून.

आणि चार्जर त्याला साजेसा घ्या. ३ केव्हीएचा (ढोबळमानाने किलोवॅटच) जनरेटर आणि त्यावर एक किलोवॅटचा चार्जर असेल तर दिवसभर आवाज ऐकत बसाल आणि शेजारचा बोटवाला बोलायचा बंद होईल. ४८ व्होल्टचा ५० अँपिअर चार्जर असेल तर अडीच-पावणेतीन किलोवॅट आत जातात, त्याला ४ केव्हीए असलेला बरा.

बॅटरी: स्वस्त कुठली आणि महाग कुठली

फोर्कलिफ्टची जुनी लेड बॅटरी, दोन व्होल्टचे २४ सेल, सगळ्यात स्वस्त दिसते. वजन अर्ध्या टनाच्या वर, पण इंजिन काढल्यावर मागचा भाग वर उचलला जातो आणि पंखा पाण्यात पुरेसा बुडत नाही, तेव्हा ते वजन उपयोगीच पडतं. वाईट हे की लेडला वरचेवर पूर्ण चार्ज लागतो, नाहीतर सल्फेट धरून मरते, आणि शेवटचे २० टक्के भरायला तास न् तास लागतात, म्हणजे जनरेटर नुसता घुरघुरत बसतो. पाणी घालत राहायचं, हायड्रोजन बाहेर जाईल अशी हवा ठेवायची. मरीनात राहणाऱ्याला चालेल, फिरणाऱ्याने यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा मोह म्हणजे भंगारातल्या निसान लीफ या इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी मॉड्यूल. सात मॉड्यूल सिरीजमध्ये लावली की १४ सेल होतात आणि ४८ व्होल्टची सिस्टिम तयार. पण ती केमिस्ट्री वेगळी आहे, पूर्ण चार्ज सेलला ४.२ व्होल्ट, लिथियम आयर्न फॉस्फेटचं ३.६५, दोन्ही संचांचा एकूण आकडा ५८ च्या पुढेमागेच येतो म्हणून लोक एकाचं सेटिंग दुसऱ्याला बिनधास्त लावतात. खालच्या टोकाला मात्र दोघांची गणितं पार वेगळी आहेत. आणि ही बिघडली तर फॉस्फेटपेक्षा जास्त जोरात पेटते, ज्या पलंगावर झोपता त्याखाली ती ठेवायची नाही. इन्शुरन्सवाल्यांना खरेदीच्या आधी ईमेल टाका, आणि उत्तर जपून ठेवा.

फॉस्फेट घेतली तरी दोन गोष्टी. शून्य अंशाखाली ती चार्ज केली की सेल आतून कायमचे खराब होतात, आणि जानेवारीत लोखंडी बोटीची इंजिनरूम शून्याखाली सहज जाते. थंडीत चार्जिंग तोडणारा बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवून गरज पडली की ती बंद करणारा सर्किट बोर्ड) हवाच, आणि बॅटरी केबिनच्या उबेला ठेवता आली तर उत्तम. दुसरं म्हणजे बीएमएसची अँपिअर क्षमता. १० किलोवॅट म्हणजे ४८ व्होल्टला दोनशेच्या वर अँपिअर, आणि लोक बसवतात १०० चा कारण तो स्वस्त. रोजच्या चालीला काही होत नाही. बरोबर ज्या क्षणी लॉकच्या दारावर बोट धडकू नये म्हणून फुल्ल रिव्हर्स मारता, तेव्हाच तो ट्रिप होतो आणि सगळं बंद. पंख्याचं पाणी सुकाणूवर आलं नाही तर नॅरोबोट वळतही नाही. दोन पॅक समांतर लावलेत तरी एक ट्रिप झाला की सगळा भार दुसऱ्यावर, मागोमाग तोही जातो, म्हणून प्रत्येक पॅक एकट्याने भार उचलेल असाच बघा. १२ व्होल्टच्या चार तयार बॅटऱ्या सिरीजमध्ये लावणार असाल तर कंपनी तशी परवानगी देते का ते वाचा, बऱ्याच देत नाहीत.

थ्रस्ट, म्हणजे पंख्याचा रेटा, कोण घेणार?

हे कोणी सांगत नाही. पंखा पाणी मागे ढकलतो तेव्हा शाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा) बोटीला पुढे ढकलत असतो, आणि डिझेल बोटीत तो रेटा बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग घेतं. तुम्ही गिअरबॉक्स काढून शाफ्टला थेट मोटर जोडली की तो सगळा रेटा मोटरच्या बेअरिंगवर, आणि ती त्यासाठी बनवलेलीच नसतात. खुणा अशा: फॉरवर्ड-रिव्हर्स करताना टक्क असा आवाज, शाफ्ट हाताने पुढेमागे हलतो, मोटरच्या तोंडाशी घासल्यासारखा चमकदार पट्टा. वेगळं थ्रस्ट बेअरिंग, भक्कम पायावर, आणि मोटरकडे लवचिक कपलिंग, एवढं केलं की विषय संपला. यात पैसे वाचवायला जाल तर मोटर दुसऱ्यांदा घ्याल. अगदीच पैसे नसतील तर जुना मेकॅनिकल गिअरबॉक्स तसाच ठेवून त्याच्या पुढे मोटर लावणारेही आहेत, थोडी पॉवर तो खातो पण रेट्याचा आणि रिडक्शनचा (मोटरचा वेग उतरवून पंख्याला देण्याचा) दोन्ही प्रश्न तात्पुरते सुटतात.

बेल्टने रिडक्शन करणार असाल तर दात असलेला बेल्ट घ्या. खाली काळी भुकटी साठायला लागली तर पुल्या एका रेषेत नाहीत, बेल्ट अजून ताणून ते बरं होत नाही, उलट बेअरिंग जातात.

४८ व्होल्टने सहसा शॉक बसत नाही, पण आग लागते

लिथियमचा संच शॉर्ट झाला तर हजारो अँपिअर वाहतात, साधा गाडीतला फ्यूज तिथे तुटण्याऐवजी आतल्या आत ज्वाळ धरून बसतो. बॅटरीच्या अगदी जवळ क्लास टी फ्यूज (एवढा करंट तोडू शकणारा खास फ्यूज) लावा, महाग आहे, तरी लावा. घरातला एसी ब्रेकर डीसीला वापरू नका, ठिणगी विझतच नाही. केबल ७० चौरस मिलिमीटरची, जितकी आखूड तितकी चांगली, आणि केबलच्या टोकाचे लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबा, हातोडीने नाही. क्रिंपर भाड्याने मिळतो. अर्धा तास चालवून प्रत्येक जोडावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा, एखादा बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर तोच जोड पुन्हा करा.

मेन कॉन्टॅक्टर (बॅटरी जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) चिकटून बसण्याची तक्रार फार येते. कंट्रोलरच्या (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा) आत मोठे कपॅसिटर असतात, स्विच टाकला की ते एकदम करंट ओढतात आणि कॉन्टॅक्टरचे पॉइंट वेल्ड होतात. ते कपॅसिटर आधी हळूहळू भरणारा प्री-चार्ज रेझिस्टर ही अगदी किरकोळ किमतीची वस्तू, पण स्वस्त किटमध्ये नसते. बोटीचं लोखंड निगेटिव्ह म्हणून वापरायचं नाही, आणि किनाऱ्यावरची लाईन जोडणार असाल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (अर्थच्या वायरमधून येणारा, लोखंड गंजवणारा बारीक करंट अडवणारा) पाहिजेच, नाहीतर शेजारच्या बोटींच्या नादाने तुमचा तळ गंजतो.

अजून एक विसरलेला खर्च. डिझेल इंजिन फुकटात १२ व्होल्टच्या बॅटरी भरत होतं आणि अंघोळीचं पाणी तापवत होतं. ते गेलं की ४८ चे १२ करणारा कन्व्हर्टर लागतो आणि पाण्याला इमर्शन रॉड, आणि एक युनिट पाणी तापवलं म्हणजे वीस मिनिटांचा प्रवास गेला.

चालता चालता बिघडलं तर

पहिल्याच स्वच्छ पाण्यात, पंखा साफ असताना, कुठल्या आरपीएमला किती अँपिअर लागतात ते लिहून ठेवा. पुढे कधी त्याच आरपीएमला अँपिअर चढलेले दिसले तर पंख्यात काहीतरी अडकलंय, पिशवी, दोरी, गवत, साऊथॉलच्या (लंडनमधली भारतीय वस्ती) बाजूला तर साडीसुद्धा निघते. साफ करायला वीड हॅच (पंख्याच्या वरचं झाकण) उघडण्याआधी मेन आयसोलेटर बंद करा आणि चावी खिशात ठेवा. डिझेल चालू असेल तर आवाज येतो, मोटर चालू आहे हे कळतच नाही, आणि तुमचा हात पंख्यात असतो.

बॅटरी ६० टक्के दाखवते आणि अचानक बंद पडते? मीटर व्होल्टेजवरून अंदाज बांधत असेल, फॉस्फेटचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं. शंट (आत-बाहेर गेलेले अँपिअर मोजणारा) लावा, आणि अधूनमधून पूर्ण चार्ज करून त्याला १०० वर आणा. तासाभराने ताकद कमी होते आणि थोडं थांबलं की परत येते? कंट्रोलर तापतोय, जाड अॅल्युमिनियमच्या प्लेटवर घ्या आणि हवा द्या. चावी फिरवली तरी काहीच होत नाही? बॅटरी खोलायच्या आधी थ्रॉटल न्यूट्रलला आहे का बघा, बरेच कंट्रोलर तो न्यूट्रलला नसेल तर सुरूच होत नाहीत, आणि पावसात थ्रॉटलच्या पॉटमध्ये (थ्रॉटल कुठे आहे ते सांगणारा भाग) पाणी गेलं की न्यूट्रल असूनही कंट्रोलरला तो नाही असं वाटतं.

आणि जुनं इंजिन काढायची घाई करू नका. चालू असलेलं इंजिन जागेवर चालवून दाखवलं की गिऱ्हाईक चांगली किंमत देतो, काढून ताडपत्रीखाली ठेवलेल्याला भंगाराचा भाव येतो, म्हणून गिऱ्हाईक आधी बघा आणि मग काढा. डिझेलची टाकी मात्र काढू नका, हिवाळ्यात हीटर आणि जनरेटर दोन्ही त्यावरच चालणार आहेत.