दुबईला निघालात? भाकरी सोडू नका

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं आखातात गेली की पहिल्या वर्षातच पोट सुटतं. कारण साधं आहे: तीन वेळा मैद्याचा खुबूस (अरबी रोटी) किंवा भात, वर गोड चहा, आणि चालणं शून्य. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, भाकरी थापायला घरूनच शिकून जा.

जोंधळ्याचं पीठ तिथल्या भारतीय दुकानांत मिळतं, पण बरेचदा जुनं असतं. विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, गेलेली असते, भाकरी थापताना कडा फाटतात. अशा वेळी उकड काढायची. एक वाटी पाण्याला उकळी आणून चिमूटभर मीठ घाला, वाटीभर पीठ टाकून ढवळा, झाकण ठेवून गॅस बंद करा. दहा मिनिटांनी कोमट असतानाच तळहाताने रगडून मळा. मग नवख्यालाही जमते. सोबत हुलग्याची किंवा मुगाची उसळ केली की जेवण झालं.

घरून मसाला, करदंट (डिंक-सुक्यामेव्याची मिठाई) किंवा अनारसे नेणार असाल तर खसखस नाही ना, हे आईला आधी विचारा. अमिरातीत खसखशीला बंदी आहे, त्यात अडकू नका.

चालायचं उन्हाळ्यात पहाटे, नाहीतर मॉलमध्ये. आठवड्याला निदान 150 मिनिटं भरली पाहिजेत. बाहेर काम असेल तर तहान लागायची वाट न पाहता थोडंथोडं पाणी पीत राहा. आणि सुट्टीवर गावी आलात की रक्तातली साखर आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. उन्हाच्या देशात राहूनही एसीत बसणाऱ्यांना ते कमी पडतं.