हायड्रोजनवर पीएचडी करायचीय? आधी जीसी (वायू मोजायचं यंत्र) कुठंय ते विचारा

सेट-नेट निघाली की नांदेड-लातूरकडची पोरं विचारतात, "टॉपिक कोणता घेऊ?" सूर्यप्रकाशातून हायड्रोजन हा विषय घ्याच, पण डोळे उघडे ठेवून.

1972 मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाणी फोडलं, म्हणजे त्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे काढले. पण या पदार्थाच्या अनाटेस रूपाचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटायला प्रकाशातून लागणारी किमान ऊर्जा, 3.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट. म्हणजे त्याला फक्त अतिनील किरण चालतात, आणि ते उन्हात जेमतेम 4-5 टक्के. आपल्याकडचं एप्रिलचं ऊन त्याच्यासाठी बहुतांशी वायाच.

हात बसवायला कार्बन नायट्राइड बरं, तेही प्रकाशात पाण्यातून हायड्रोजन काढतं. मेलामाइन झाकणाच्या क्रुसिबलमध्ये (भट्टीत टिकणाऱ्या वाटीत) भरून 550 अंशांवर भाजा. पांढरी पूड पिवळी होते, गॅप 2.7 च्या आसपास येतो आणि दृश्य प्रकाशही थोडा कामी येतो. झाकण सैल राहिलं तर बराच माल उडून जातो. अमोनिया सुटतो, म्हणून फर्नेसजवळ हवा खेळती हवी. मध्येच लाइट गेली तर त्या बॅचवर तसं लिहून ती वेगळी ठेवा, चांगल्या मालात मिसळू नका.

गॅप कमी झाला म्हणजे काम झालं असं नाही. प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेल्या रिकाम्या जागा) क्षणात पुन्हा एकमेकांत मिसळतात. खरी सुधारणा त्यांना वेगळं ठेवण्यात आहे: पृष्ठभागावर किंचित प्लॅटिनम, दोन पदार्थांचा जोड, पातळ पापुद्रे.

आता मुद्द्याचं. मिथिलीन ब्लू या चाचणीच्या निळ्या डायचा रंग उडाला याचा अर्थ हायड्रोजन निघाला असा होत नाही. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे जीसी लागतो. भांड्यातली हवा आरगॉनने आधी हाकलायची, झेनॉन दिव्यापुढे 400 नॅनोमीटरचा फिल्टर लावायचा, आणि अंधारातली चाचणी चुकवायची नाही. गाईड ठरवण्याआधी विचारा, "सर, जीसी आपल्याकडे आहे की पुण्याला पाठवायचं?" पाठवायचं असेल तर नंबर कधी लागतो तेही विचारा. नमुन्यांचे डबे घेऊन पुण्याच्या बसमध्ये बसायची तयारी ठेवा.

पेपरातले आकडे वाचताना ट्रायइथेनॉलअमाइन वापरलंय का ते बघा. ते स्वतः खर्ची पडून होल गिळतं. हायड्रोजन भरपूर दिसतो, पण ऑक्सिजन निघत नाही, म्हणजे पाणी पूर्ण फुटलेलंच नसतं. माझ्या मते अशा आकड्यांत निम्मी हवा असते. जपानमध्ये डोमेन यांच्या गटाने 100 चौरस मीटरचं पॅनेल उघड्यावर चालवलं, 2021 मध्ये छापलं. कार्यक्षमता, म्हणजे उन्हातल्या ऊर्जेपैकी हायड्रोजनमध्ये उतरलेला वाटा, जास्तीत जास्त 0.76 टक्के. हा आकडा डोक्यात ठेवा.

गावाकडे हमखास विचारतात, "प्यायला पाणी नाही आणि तू ते फोडतोस?" 2016 ला लातूरला रेल्वेने पाणी आलं होतं, त्यामुळे प्रश्न चुकीचा नाही. हिशोबाने 1 किलो हायड्रोजनला 9 लिटर पाणी, शुद्धीकरणात वाया जाईल ते वेगळं.

नोकरीचं म्हणाल तर 2023 च्या राष्ट्रीय ग्रीन हायड्रोजन मिशनचा भर विजेने पाणी फोडणाऱ्या इलेक्ट्रोलायझरवर आहे, आपल्या पुडीवर नाही. म्हणून पीएचडी चालू असतानाच पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडवरचा व्होल्टेज धरून करंट मोजणारं यंत्र) चालवायला शिका. तो कुठल्या ना कुठल्या विभागात धूळ खात पडलेला असतोच.